कडक गादीवर मऊ थर: लेटेक्स की रुई?

वर्धा जिल्ह्यातल्या बऱ्याच घरांत आता कापसाची गादी माळ्यावर गेली आहे आणि पलंगावर काथ्याची गादी आली आहे. कुठे ती लग्नाच्या आंदणात आली, कुठे पाठदुखीच्या सल्ल्यावरून घेतली. दुकानात ती ‘ऑर्थो’ म्हणून मिळते आणि घेणाऱ्याच्या मनात एक गोष्ट पक्की असते: पाठीला कडकच चांगले. मग काही महिन्यांनी घरातली आई किंवा आजी सांगू लागते की कुशीवर झोपले की खांदा बधिर होतो, कमरेचे हाड टोचते, रात्रभर कूस बदलण्यातच जाते. गादी तर धडधाकट आहे, फेकवत नाही. तेव्हा तिच्यावर एखादा मऊ थर टाकावा असा विचार येतो. या थराला बाजारात टॉपर म्हणतात आणि हल्ली त्यात सर्वाधिक बोलबाला लेटेक्सचा आहे. महागडी वस्तू आहे. घ्यावी का, घेतली तर कशी पारखावी, आणि कापसाच्या या मुलखात पिंजाऱ्याकडून रुईची पातळ गादी भरून घेतली तर भागेल का, याचा नीट विचार पैसे मोजण्याआधी झाला पाहिजे.

आधी ‘कडक तेवढे चांगले’ या समजुतीचे पाहू. २००३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधल्या डॉक्टरांचा एक अभ्यास आला. जुनाट कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांना त्यांनी दोन गटांत विभागले, एका गटाला कडक गादी दिली, दुसऱ्याला मध्यम कडक. ९० दिवसांनी तपासले तेव्हा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांचे दुखणे अधिक कमी झालेले दिसले, झोपेतले आणि उठतानाचेही. अगदी लुसलुशीत गादी या तुलनेत नव्हतीच, त्यामुळे मऊ गादी औषधी असते असा याचा अर्थ काढता येत नाही. पण कडक गादीच पाठीला सर्वांत चांगली ही समजूत मात्र या अभ्यासाने खोडून काढली.

याचे कारण शरीराच्या घडणीत आहे. गादीकडे दोन कामे असतात. पहिले, कंबर खाली झोळीसारखी लोंबू न देता अंग तोलून धरणे. दुसरे, जिथे हाड वर आहे तिथे थोडे दबून जागा देणे. काथ्याची जाड गादी पहिले काम चोख करते, दुसरे करतच नाही. आपल्या विदर्भातली बाज याच्या अगदी उलट. तिच्यावर अंग टाकले की दोऱ्या शरीराभोवती वळतात, कुठेही टोचत नाही, पण ढिली झाली की कंबर खाली जाते आणि सकाळी पाठ धरते. पाठीवर झोपणाऱ्याचे वजन पाठ, नितंब, पोटऱ्या अशा मोठ्या भागावर पसरते, म्हणून त्याला कडक गादी फारशी जाचत नाही. कुशीवर झोपणाऱ्याचा भार मात्र खांदा आणि कमरेच्या हाडावर येतो. तेवढ्याशा जागेवर दाब वाढला की त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या दबतात आणि शरीर झोपेतच कूस बदलायला लावते. उतारवयात अंगावरचे मांस कमी होते, त्यामुळे जी गादी मुलाला चालते तीच आईला टोचते. घरात एकाच पलंगावरून दोन मते पडतात ती अशी, आणि दोन्ही खरी असतात.

वरचा थर फक्त दुसरे काम करू शकतो. पहिले काम बिघडले असेल तर टॉपरने काही होत नाही. म्हणून आधी गादी तपासावी. तिच्या आडवी एक सरळ काठी किंवा ताणलेली दोरी ठेवा आणि मध्ये किती फट पडते ते पाहा. दीड इंचाच्या वर खड्डा असेल तर त्या खड्ड्यावर लेटेक्स टाका नाहीतर रेशीम टाका, तोही खड्ड्याच्याच आकाराने बसणार. अशा वेळी पैसा खालच्या गादीवर घालावा. गादी सपाट असूनही हाडे दुखत असतील, तरच वरच्या थराचा विचार योग्य.

त्याचीही एक फुकटची परीक्षा आहे. घरात दोन जाड गोधड्या किंवा वाकळी असतील त्या घडी करून गादीवर पसरा आणि आठवडाभर झोपून पाहा. गोधडी दोन-तीन रात्रींत दबते, म्हणून दिवसाआड झटकून पुन्हा पसरावी लागेल. दुखणे थोडे जरी हलके झाले तरी दिशा बरोबर आहे असे समजा. काहीच फरक पडला नाही, किंवा कंबर जास्तच धरली, तर गादीला दोष देणे थांबवून डॉक्टरांना दाखवलेले बरे. पाय बधिर होणे, दुखणे पायात उतरणे, रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी, ताप किंवा वजन घटणे यांतले काही असेल तर सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात किंवा जवळच्या दवाखान्यात आधी जावे, दुकानात नंतर.

आता लेटेक्स म्हणजे काय ते पाहू. रबराच्या झाडाच्या सालीला तिरकी चीर दिली की पांढरा चीक वाहतो. त्यात साधारण ३० ते ४० टक्के रबर, बाकी बहुतेक पाणी. हे झाड मूळचे ब्राझीलचे. १८७६ साली हेन्री विकहॅमने त्याच्या बिया लंडनच्या क्यू बागेत नेल्या आणि तिथून ती रोपे श्रीलंका, मलाया असे करत आशियात पसरली. आपल्याकडे ते सर्वाधिक केरळात आहे. चीक उघडा ठेवला की काही तासांत दुधासारखा फाटतो, म्हणून त्यात अमोनिया घालतात, मग यंत्रात गरगर फिरवून पाणी कमी करतात आणि रबराचे प्रमाण ६० टक्क्यांवर आणतात. गादीचा कारखाना हा घट्ट चीक विकत घेतो.

या चिकाचा फेस करून गादी बनवायची युक्ती १९२९ च्या सुमारास इंग्लंडमध्ये डनलॉप कंपनीच्या प्रयोगशाळेत निघाली. ई. ए. मर्फी या शास्त्रज्ञाने घरातल्या केक फेटायच्या यंत्रात चीक फेटून पाहिला असे सांगतात. चिकात साबण, गंधक आणि जस्ताचे संयुग घालून तो फेटतात, फेस आला की गोठवणारे रसायन मिसळून साच्यात ओततात आणि वाफेवर शिजवतात. गंधकामुळे रबराचे लांबलचक रेणू एकमेकांशी ठिकठिकाणी जोडले जातात, म्हणून दाबल्यावर ते परत जागेवर येते. साच्याला आतून धातूच्या बारीक दांड्या असतात, त्या उष्णता मध्यापर्यंत नेतात. लेटेक्सच्या थरात जी ओळीने भोके दिसतात ती या दांड्यांची जागा. हवा खेळावी म्हणून भोके पाडली आहेत असे दुकानदार सांगतो. हवा थोडी खेळतेही, पण भोके मुळात शिजण्यासाठी आहेत.

दुसरी पद्धत तालालाय नावाची. तीत साचा अर्धवट भरतात, आतली हवा ओढून फेस फुगवतात, तो गोठवतात, कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि मग शिजवतात. वर-खाली एकसारखा, हलका, अधिक मऊ थर मिळतो, पण खर्च वाढतो. डनलॉप पद्धतीत जड भाग खाली बसतो, त्यामुळे एक बाजू किंचित घट्ट लागते. भारतात बनणारे बहुतेक टॉपर डनलॉप पद्धतीचे आहेत आणि कडक गादी मऊ करण्याच्या कामाला ते पुरेसे आहेत. तालालायच्या नावावर जास्तीचे पैसे मोजायची गरज मला दिसत नाही.

इथे एक गोष्ट फार लोकांना ठाऊक नसते. काथ्याच्या गादीतही रबराचा चीकच असतो. नारळाच्या काथ्याला पीळ देऊन कुरळा करतात, मग मोकळा करून त्याच्या थरांवर रबराचा चीक फवारतात आणि दाबून शिजवतात. तो चीक तंतूंच्या गाठीगाठी धरून ठेवतो. म्हणजे जी कडक गादी मऊ करायला आपण लेटेक्स शोधतो, तिच्या पोटातही तेच रबर आहे. फरक एवढाच की तिथे भार काथ्या पेलतो आणि रबर सांध्याचे काम करते, आणि टॉपरमध्ये भार पेलणारे रबरच असते.

पारख करताना तीन गोष्टी पाहाव्यात: जाडी, घनता आणि आतले खरे द्रव्य. एक इंचाचा थर अंगाला मऊ लागतो, पण त्यावर भार पडला की हाड खालच्या काथ्यापर्यंत पोचते, म्हणून तो घेऊ नये. पाठीवर झोपणाऱ्या, मध्यम वजनाच्या माणसाला दोन इंच पुरतात. कुशीवर झोपणाऱ्याला, किंवा वजन ८० किलोच्या पुढे असेल तर तीन इंच लागतात. त्याहून जाड थर कडक गादीवर टाकला की कंबर पुन्हा लोंबायला लागते आणि उठताना गुडघ्यावर जोर येतो. पलंगाची उंची वाढते हेही विसरू नये. वयस्कर माणसाचे पाय बसल्यावर जमिनीला टेकले पाहिजेत.

मऊपणा मोजायची एक जागतिक रीत आहे. ठरावीक आकाराची गोल चकती थराला एक चतुर्थांश दाबायला किती पौंड जोर लागतो तो आकडा देतात. तो १८ ते २२ असेल तर थर मऊ, पंचविशीच्या आसपास किंवा थोडा वर असेल तर मध्यम, ३२ च्या पुढे गेला तर कडक. आपल्याकडचे विक्रेते हा आकडा क्वचित देतात, ते घनता सांगतात. एकाच कारखान्याच्या मालात घनता वाढली की कडकपणा वाढतो. एका घनमीटरला ६५ ते ७५ किलोचा थर मऊ ते मध्यम असतो, ८५-९० चा कडक. ‘जास्त डेन्सिटी म्हणजे जास्त चांगली’ हे वाक्य खालच्या गादीला लागू असेल, वरच्या थराला नाही. तुम्हाला मऊपणा हवा आहे, तेव्हा जास्त घनतेचा टॉपर म्हणजे कडक गादीवर आणखी एक कडक थर.

घनतेवरून वजन काढता येते आणि वजन हा घरच्या काट्यावर तपासता येणारा पुरावा आहे. सहा फूट बाय तीन फूट, दोन इंच जाडीचा मऊ ते मध्यम लेटेक्स थर साडेपाच ते साडेसहा किलो भरायला हवा. सहा बाय पाचचा दोन इंची थर नऊ ते साडेदहा किलो, तीन इंची चौदा ते सोळा किलो. तेवढ्याच मापाचा साधा फोम यांच्या निम्म्याहून कमी भरतो. सहा बाय पाचचा ‘लेटेक्स’ टॉपर एका हाताने अलगद उचलला गेला तर समजावे की आत बहुतेक फोम आहे.

पण वजनावरच विसंबू नये. चुनखडीची भुकटी किंवा माती मिसळूनही वजन वाढवता येते. म्हणून खोळीची चेन उघडा आणि आत पाहा. हे करायला जो दुकानदार मज्जाव करतो त्याच्याकडून घेऊ नका. कड नीट पाहिली तर थर एकसंध आहे की वर एक इंच लेटेक्स आणि खाली फोम चिकटवला आहे हे लगेच दिसते, दोन थरांमध्ये गोंदाची रेघ असते. अंगठ्याने जोरात दाबून सोडा. चांगले लेटेक्स अंगठा उचलता उचलताच वर येते, खळगा मागे राहत नाही. दोन बोटांत कड चोळा. बोटांना पांढरी भुकटी लागली किंवा कण सुटले तर भर घातलेली आहे. वास घ्या: नव्या रबराचा गोडसर वास येणारच आणि तो काही दिवसांत विरतो, डोळे चुरचुरवणारा उग्र वास नको. लेबलावर ‘नॅचरल’ लिहिलेले असते, पण त्यात कृत्रिम रबर किती टक्के आहे ते विचारा आणि घनतेसह बिलावर लिहून घ्या. सेंद्रिय लेटेक्ससाठी ‘गोल्स’ नावाचे प्रमाणपत्र आहे. ‘ओको-टेक्स’ हे प्रमाणपत्र फक्त अपायकारक रसायने मर्यादेत असल्याचे सांगते, माल नैसर्गिक असल्याचे नाही. ही दोन एकच आहेत असे समजून फसणारे बरेच.

मेमरी फोमबद्दल थोडक्यात. तो उष्णतेने मऊ होतो आणि थंडीत आखडतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि जानेवारीच्या पहाटे अंगावर दोन पांघरुणे लागतात, तेव्हा त्याच थरावर उन्हाळ्यात रुतल्यासारखे होते आणि हिवाळ्यात तो पाठीला लागतो. वर्ध्याच्या हवेत तो घेऊ नये असे माझे मत आहे. लेटेक्सचा मऊपणा ऋतूप्रमाणे फारसा बदलत नाही.

तरी लेटेक्सला या मुलखात तीन शत्रू आहेत आणि तिन्ही आपल्या सवयींत बसलेले.

पहिला ऊन. गाद्या उन्हात टाकणे ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची चांगली सवय. दिवाळीआधी, पावसाळा सरल्यावर, गच्चीवर गाद्यांच्या रांगा लागतात. कापसाला ते मानवते: आतला दमटपणा जातो, तंतू फुलतात. लेटेक्सला तेच ऊन मारते. उन्हातले अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन मिळून रबराचे रेणू तोडतात. आधी वरचा थर पिवळा पडतो, मग कडक होतो, मग बोट लावले की पापुद्रे सुटतात. वर्ध्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात उघडा थर टाकला तर हे व्हायला फार दिवस लागत नाहीत. लेटेक्सला हवा द्यायची ती सावलीत, खोळीसकट, आडवा ठेवून. दोरीवर टांगला तर तो स्वतःच्याच वजनाने ताणून फाटतो. घरात जो कोणी गाद्या गच्चीवर नेतो त्याला हे आधी सांगून ठेवावे.

दुसरा तेल. रबर तेल शोषते, फुगते आणि चिकट होते. आपल्याकडे डोक्याला तेल लावून झोपायची पद्धत आहे, सांधेदुखीला रात्री तीळतेल चोळतात, बाळंतिणीला मालिश होते. टॉपरवर सुती खोळ आणि तिच्यावर धुता येणारी जाड चादर असलीच पाहिजे आणि उशाकडच्या भागात आणखी एक घडी घालावी.

तिसरा ओल, आणि ती येते कूलरमधून. वर्ध्यात उन्हाळ्याचे चार महिने खिडकीतला कूलर रात्रभर चालतो आणि खोलीत दमट हवा कोंडते. लेटेक्स स्वतः पाणी धरत नाही, पण घामाची वाफ त्यातून खाली जाऊन काथ्याच्या गादीवर साचते. बंद पेटीच्या दिवाणावर गादी असेल तर खाली वारा लागतच नाही, आणि पावसाळ्यात बुरशीचा वास यायला लागतो. आठवड्यातून एकदा टॉपर उचलून दोन्ही थर तासभर उघडे ठेवावेत, फळ्यांमध्ये फटी असलेला पलंग असेल तर फारच उत्तम. अंगालाही रबर फोमपेक्षा कमी तापते, पण रुईइतके थंड नाही. रुई स्वतःच्या वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास दमटपणा पोटात घेते आणि तरी हाताला कोरडी लागते. रबराला हे जमत नाही, म्हणून त्याच्यावरची खोळ शुद्ध सुती घ्या, पॉलिस्टरची चकचकीत खोळ घेऊ नका.

आणि ज्यांना रबराच्या हातमोज्यांची, फुग्यांची ॲलर्जी आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा थर घेऊ नये.

आता रुईकडे वळू. वर्धा जिल्ह्याचे नाव जगात आधी गेले ते कापसामुळे. १९ व्या शतकात लिव्हरपूलच्या बाजारात ‘हिंगणघाट’ या नावाने कापसाचा वेगळा भाव निघे. हिंगणघाट आणि पुलगावला कापडाच्या गिरण्या उभ्या राहिल्या, आजही दिवाळीनंतर हिंगणघाट, देवळी, आर्वी, सिंदी रेल्वे या भागांतल्या जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांच्या रांगा लागतात. १९३७ साली वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेतून जी नई तालीम निघाली, तिच्या अभ्यासक्रमात कापूस लोढणे, पिंजणे, पेळू वळणे आणि सूत कातणे हे मुलांचे रोजचे विषय होते. पुढे गांधी-विनोबांच्या माणसांनी पिंजणही नको म्हणून बोटांनीच तंतू सोडवण्याच्या तुणाईचा प्रसार केला. कापसाचा तंतू मोकळा करणे ही कला आहे हे या जिल्ह्याला शिकवावे लागत नाही. गादी मऊ होते तीही याच कलेने.

कापसाचा तंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर पीळ पडलेल्या चपट्या फितीसारखा दिसतो. हे पीळ एकमेकांत अडकून मध्ये हवा धरतात आणि मऊपणा खरा तर त्या हवेचा असतो. रोजचा भार आणि घामाचा ओलावा यांनी तंतू एकमेकांवर चेपतात, त्याच स्थितीत सुकतात आणि चिकटून राहतात. यालाच गादी बसली म्हणतात. पिंजाऱ्याने अशी गादी उसवली की आत काय निघते ते पाहण्यासारखे असते. गादीपाटाची शिवण सुटली की आतून रुई सरळ बाहेर येत नाही, तक्त्यासारखे करडे थर निघतात, काही ठिकाणी मुठीएवढे टणक गोळे, आणि कमरेच्या जागी जवळजवळ काहीच नसते, सगळे कडेला सरकलेले. तो ते हाताने फाडतो, धूळ झटकतो, यंत्राच्या तोंडाशी चार बोटांएवढे तुकडे धरतो. आत दातेरी रूळ फिरतो आणि पलीकडून ढग बाहेर पडावा तशी रुई उडते. तेच वजन, पण ढीग तिप्पट-चौपट. जुन्या काळी हेच काम ताणलेल्या तातीवर होई. लाकडी ठोकळ्याने तात छेडली की तिच्या कंपाने तंतू सुटत आणि कचरा खाली पडे. पिंजारी, नद्दाफ, मन्सुरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या समाजाने हे काम पिढ्यान्‌पिढ्या केले. या कामातली धूळ फुफ्फुसात बसते, श्वास कोंडण्याचा आजार देते. अंगणात पिंजाऱ्याला बसवले तर वाऱ्याची जागा द्यावी, नाकाला बांधायला स्वच्छ फडके किंवा मास्क द्यावा आणि मजुरीत घासाघीस करू नये.

कडक गादीवर टाकायला रुईचा थर भरून घ्यायचा असेल तर रुई कुठली यावर सगळे ठरते. गिरणीला लांब, बारीक तंतू लागतो. गादीला आखूड आणि जाड तंतू चांगला, कारण जाड तंतू सहज वाकत नाही, दाबला तरी उसळून वर येतो. म्हणूनच आपल्या देशातला आखूड धाग्याचा देशी कापूस जपानमध्ये गाद्या भरायला जातो. वर्धा जिल्ह्यात आता जवळपास सगळे क्षेत्र बीटी संकरित कापसाचे आहे, त्याचा तंतू लांब आणि मध्यम जाडीचा. गादीला तोही चालतो, फक्त जरा लवकर बसतो. टाळायचे ते दोन प्रकार: फरदड आणि कवडी. फरदडीचा, म्हणजे हंगामानंतर त्याच झाडांवर घेतलेल्या कापसाचा, बराच तंतू अर्धवट पिकलेला असतो, त्याची भिंत पातळ, म्हणून तो मलूल पडतो आणि महिन्याभरात चेपतो. कवडीत किडीने चिकटलेल्या पाकळ्या आणि डाग असतात, पिंजूनही गोळे राहतात. आणि कपड्यांच्या चिंध्या पिंजून केलेला रंगीत ‘कापूस’ तर घेऊच नये, तो पहिल्याच उन्हाळ्यात दगड होतो. शेतकऱ्याच्या घरी पहिल्या-दुसऱ्या वेचणीचा स्वच्छ कापूस बाजूला ठेवून लेकीच्या लग्नाच्या गाद्या भरायची रीत होती, त्यामागे हे जाणतेपण होते. एक क्विंटल कापसातून सरकी निघाल्यावर ३३-३५ किलो रुई उरते. त्यातून तीन-चार एकेरी गाद्या होतात.

वरच्या थरासाठी मात्र पूर्ण गादी भरू नका. सहा बाय तीनच्या खोळीत पाच-सहा किलो रुई पुरे. ती भरल्यावर चार-पाच इंच फुगलेली दिसेल आणि काही आठवड्यांत दोन-अडीच इंचांवर स्थिरावेल. टाके जवळजवळ घालायला सांगा, एक वीत अंतराच्या आत, नाहीतर रुई कडेला पळते. टाका फार आवळू नये, आवळला की तिथे खळगा पडतो. दर पंधरा दिवसांनी ऊन, काठीने झोडपणे, उशाचे पायाकडे करणे, आणि दोन-तीन वर्षांनी पुन्हा पिंजणे. एवढे केले तर ही गादी नातवंडांपर्यंत जाते, कारण तीच रुई पुन्हा पुन्हा फुलवता येते. लेटेक्सचा थर नीट जपला तर बरीच वर्षे टिकतो, पण एकदा चुरायला लागला की त्याचे पुन्हा काही करता येत नाही.

काटेसावरीच्या कापसाचाही विचार काही जण करतात. फाल्गुनात तांबड्या फुलांनी भरलेली ही झाडे वर्ध्याच्या रस्त्यांवर आहेत, उन्हाळ्यात बोंडे फुटून कापूस उडतो. त्याचा तंतू आतून पोकळ आणि वरून मेणचट, फार हलका. उशीला तो उत्तम, पण गादीच्या थरात अंगाच्या भाराने चिरडतो आणि भुकटी होते.

मग कोणी काय घ्यावे? पाठीवर झोपणाऱ्या, कडक गादी थोडीशीच जाचत असलेल्या, आणि ज्यांच्या घरी गाद्या गच्चीवर नेणारे हात आहेत त्यांनी रुईचा थर भरून घ्यावा. खर्च कितीतरी कमी, उन्हाळ्यात अंगाला बरा, आणि पैसा गावातच राहतो. जी आजी कुशीवर झोपते, जिची हाडे वर आली आहेत आणि जिच्याने गादी उचलून गच्चीवर नेववत नाही, तिला मध्यम-मऊ लेटेक्सचा दोन किंवा तीन इंची थर घेऊन द्यावा. रुई हाडाखाली दबून जाते, लेटेक्स तिथे वर उसळून धरते, आणि उतारवयात हाच फरक झोपेचा असतो. दोन्ही परवडत असेल तर खाली काथ्या, मध्ये लेटेक्स आणि सर्वांत वर दोन किलो रुईची पातळ, टाचलेली गादडी हा मला सर्वांत चांगला मेळ वाटतो. रुई घाम पिते, तेल आणि ऊन रबरापर्यंत पोचू देत नाही, आणि गच्चीवर न्यायची असते ती फक्त ही हलकी गादडी.

दोन ठिकाणी मऊ थर वापरू नये. वर्षाच्या आतल्या बाळाला लेटेक्स, फोम, ताजी फुगलेली रुई यांवर झोपवू नये. मान न सावरणाऱ्या बाळाचे नाक मऊ थरात रुतले तर त्याला वळता येत नाही, त्याला सपाट, कडक जागाच हवी. आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी टॉपर म्हणजे जखमांवरचा उपाय समजू नये. दर दोन तासांनी कूस बदलून देणे हेच खरे काम. डॉक्टर सांगतील तर हवेच्या कप्प्यांची गादी लावावी, पण तिच्यावरही कूस बदलावीच लागते.

घेतल्यानंतर पहिले दोन-तीन आठवडे अंग नव्या उंचीला आणि नव्या मऊपणाला सरावते, त्यामुळे पहिल्या चार रात्रींवरून निकाल लावू नये. परत करायची मुदत किती, खोळ उघडली तर परत घेतात का, आणि ने-आण करण्याचा खर्च कोणाचा, हे बिल फाडण्याआधी लिहून घ्यावे. टॉपर आणल्यावर त्याची घडी घालून ठेवू नका, घडीच्या रेषेवर लेटेक्स तडकते. गुंडाळी सैल करून एक दिवस खोलीत पसरू द्या, पंखा लावून वास जाऊ द्या, आणि त्याच दिवशी काट्यावर वजन करून बिलावरच्या घनतेशी ताडून पाहा, कारण बदलून मागायची वेळ तेव्हाच असते.